भूल उतरल्यावर जनावराला काय आठवतं

माझे वडील वणीच्या आठवडे बाजारात बैलांना नाल मारायचे. दिंडोरी, कळवण आणि सुरगाणा अशा तिन्ही अंगांनी बाजाराला गाड्या यायच्या. डोंगराकडची डांगी जनावरं काळ्या, टणक खुरांची; त्यांना नालाची गरज कमी. गरज असायची खडीच्या आणि डांबरी रस्त्यावर ओझं ओढणाऱ्या बैलांना. लासलगावला कांदा, कादवा कारखान्याला ऊस, चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी नांदुरीला यात्रेकरू, अशी त्यांची वर्षभराची वाहतूक. नालाविना चाललेल्या बैलाचे खूर झिजायचे, तो लंगडायचा आणि मग गाडीवानाचा अख्खा हंगाम बसायचा.

नाल मारण्याआधी बैल पाडावा लागतो. लांब कासरा घ्यायचा, गळ्यात न आवळणारी गाठ मारायची, पुढच्या पायांमागून छातीला एक वेढा, मागच्या पायांपुढून पोटाला दुसरा, आणि टोक मागे घेऊन दोघातिघांनी सावकाश ओढायचं. वेढे आवळले की बैलाचे पाय आपोआप मुडपतात आणि तो बसतो. मग एकाने मान दाबून धरायची, चारही पाय एकत्र बांधून लाकडी तिकाटण्यावर टेकवायचे, खूर तासायचा, नखीवर पत्री बसवायची आणि खिळे तिरके बाहेर काढून वाकवायचे. खिळा जिवंत भागात शिरला तर बैल पंधरवडा लंगडतो. वडिलांचा हात इतका सराईत होता की हे क्वचितच व्हायचं. दुखणं जवळपास नव्हतंच. तरीही पुढच्या खेपेला तोच बैल बाजाराच्या कडेला, वडिलांच्या पालापासून बराच लांब, चारी पाय रोवून उभा राहायचा. गाडीवान म्हणायचा, “नाना, तुम्हाला वळखलं बघा त्यानं.” वडील कातडी पिशवी झाकून ठेवायचे, उठून त्याच्या मानेखाली हात फिरवायचे आणि दुसऱ्या बैलापासून कामाला सुरुवात करायचे.

पुढे मी पशुवैद्यक झालो आणि माझी नोकरीही बहुतेक याच पट्ट्यात गेली. माझ्या हातात कासऱ्याऐवजी सुई आली. सुईने जनावर झोपतं, तेव्हा ते काय विसरतं आणि काय विसरत नाही, हा प्रश्न मला पुस्तकाआधी बाजारात पडला होता. त्याचं उत्तर शोधताना जनावर शांत करण्याच्या विद्येचा सगळा इतिहास पाहावा लागला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. गुंगीचं औषध जुनी आठवण पुसत नाही. ते फक्त नवी आठवण बसू देत नाही, तेही अंगात भिनल्यानंतर. सुई टोचण्याआधीची धावपळ, ओढाताण, आरडाओरड जनावराजवळ शिल्लक राहते. म्हणून ती आपली जबाबदारी आहे.

आपल्याकडे अंमली वनस्पतींची वाण कधीच नव्हती. बांधावर धोतरा, डोंगरात मोह, बाजारात अफू आणि गांजा. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबई इलाख्यात नगर, सातारा, सोलापूर, खानदेश या भागांत गांजा पिकायचा. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने साऱ्या हिंदुस्थानातून साक्षी गोळा केल्या. थकल्या बैलाला हुशारी यावी म्हणून भांग-गांजा चारण्याची चाल त्यात नोंदलेली आहे. म्हणजे शेतकरी बैलाला गांजा द्यायचा तो कामाला लावायला, निजवायला नव्हे.

यामागचं कारण त्याआधीच कलकत्त्यात दिसलं होतं. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजा आणि चरसाचे प्रयोग जनावरांवर केले. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला त्यांनी चरस दिला. अर्ध्या तासात तो पेंगायला लागला, मधूनच दचकून उठून समाधानाने शेपूट हलवायचा, हाक मारली की झोकांड्या खात यायचा. काही तासांनी तो पुन्हा ठणठणीत झाला. मांसाहारी जनावरांवर नशा हमखास चढली. पण घोडा, गाय, शेळी, मेंढी अशा चरणाऱ्या जनावरांवर परिणाम अगदी किरकोळ झाला. एकच औषध वेगवेगळ्या जातींत वेगळं वागतं, हा धडा तेव्हाच लिहून ठेवला गेला. पशुवैद्यकाला तो आजही रोज लागतो.

धोतऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या बिया अन्नात मिसळून वाटसरूंना लुटणाऱ्या टोळ्यांच्या हकिकती कंपनी सरकारच्या कागदपत्रांत आहेत. शुद्धीवर आलेल्या वाटसरूला आपल्याबरोबर कोण जेवत होतं हेही नीट सांगता यायचं नाही. धोतऱ्यातलं स्कोपोलामीन हे द्रव्य पुढे स्मरणशक्तीच्या अभ्यासात फार कामाला आलं. त्याकडे मी पुढे येतो.

खरी भूल युरोप-अमेरिकेतून आली. १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, दुसऱ्या वर्षी एडिंबरोला सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरलं. क्लोरोफॉर्मने मृत्यू का येतो यावर मोठा वाद पेटला आणि त्याचा निकाल लावायला निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. एडवर्ड लॉरी यांच्या देखरेखीखाली तिथे शेकडो कुत्री आणि माकडं भुलीखाली गेली. नाडीकडे बघायचं की श्वासाकडे, हा त्यांचा प्रश्न होता. जनावराला पुढे काय आठवतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या काळाची गरजच जीव वाचवण्याची होती.

त्याच सुमारास, १८८६ मध्ये, परळला मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जे. एच. स्टील त्याचे पहिले प्राचार्य. क्लोरोफॉर्म आणि क्लोरल हायड्रेट ही तेव्हाची साधनं, आणि त्यांचा लाभ मुख्यतः घोड्यांना झाला. पलटणीचा घोडा महागडा, ट्रामचा घोडा कंपनीचा. शेतकऱ्याच्या बैलापर्यंत भूल पोहोचलीच नाही. गोऱ्ह्याला पाडून ठेचायचं, तापलेल्या लोखंडाने डागायचं, नाकपुड्यांमधला पडदा टोचून वेसण घालायची, हे सगळं शुद्धीतच चालायचं. विसाव्या शतकात इटलीच्या बुर्डिझ्झो यांचा चिमटा आला. त्याने कातडी न फाडता आतली नस दाबली जाते, त्यामुळे जखम, रक्त आणि माश्या टळल्या. हा मोठाच दिलासा. पण जनावर जागंच असायचं, आणि चिमटा लावायला आलेल्या माणसाचा वास त्याच्याजवळ राहायचा.

या इतिहासातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण १९५० च्या दशकातलं आहे. सक्सिनिलकोलीन नावाचं औषध हाती आलं. ते स्नायू लुळे पाडतं. इंजेक्शन दिलं की घोडा मिनिटाच्या आत खाली बसतो, हलत नाही, ओरडत नाही. युरोप-अमेरिकेत अशा घोड्यांचं खच्चीकरण झालं. पुढे जंगलातल्या जनावरांवरही या औषधाचे बाण चालले. बघणाऱ्याला वाटायचं, जनावर निजलं. प्रत्यक्षात ते पूर्ण जागं असायचं. माणसाच्या बाबतीत ही शंका १९४७ मध्येच फिटली होती. स्कॉट स्मिथ या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःला क्युरारे टोचून घेतलं. पापणीही हलवता येत नव्हती, श्वास दुसऱ्यांनी चालू ठेवला होता. आणि बाहेर आल्यावर त्यांनी मधला सगळा प्रकार क्रमाने सांगितला. क्युरारे आणि सक्सिनिलकोलीन, दोन्हींचा मारा स्नायूंवर असतो, मेंदूवर नाही. घोड्याला बोलता येत नाही, म्हणून त्याची साक्ष नोंदली गेली नाही, एवढाच फरक. पशुवैद्यकांनी ही पद्धत पुढे टाकून दिली, आणि निपचित पडणं वेगळं, निजणं वेगळं, विसरणं आणखी वेगळं, हे आमच्या शिक्षणाचा भाग झालं.

विसरणं मोजायचं कसं? जनावराला विचारता येत नाही. त्याला काहीतरी करायला लावूनच ते समजतं. वॉल्टर हंटर यांनी १९१३ मध्ये एक सोपी रीत प्रसिद्ध केली. तीन दारं, त्यातल्या एकावर दिवा लागतो, दिवा लागलेल्या दाराआड खाऊ. दिवा विझल्यावर जनावराला थोडा वेळ अडवून ठेवायचं आणि मग सोडायचं. बरोबर दार गाठता आलं तर तेवढा वेळ त्याने गोष्ट मनात धरली. उंदीर काही सेकंद टिकले, रॅकून पंचवीसेक सेकंद, कुत्रे पाच मिनिटांपर्यंत. उंदीर आणि कुत्रे बहुधा त्या दाराच्या दिशेला तोंड धरून बसायचे; रॅकून मात्र इकडेतिकडे वळूनही योग्य दाराशी जायचे. काही सेकंद ते काही मिनिटं टिकणाऱ्या या धारणेलाच अल्पकालीन स्मृती म्हणतात, आणि औषधांची परीक्षा तिथूनच सुरू होते.

धोतऱ्यातल्या स्कोपोलामीनची परीक्षा १९७६ मध्ये रेमंड बार्टस आणि जॉन्सन यांनी माकडांवर घेतली. खाऊ कुठे ठेवला ते दाखवून लगेच निवडायला सांगितलं, तर माकडं चुकत नव्हती. मध्ये काही सेकंदांचा खंड पडला की चुकायला लागायची, आणि खंड वाढेल तशा चुका वाढायच्या. डोळे शाबूत, हात शाबूत, खाण्याची इच्छाही शाबूत. सुटायचा तो फक्त मधला धागा. वाटसरूंच्या हकिकतींचा उलगडा असा शंभराहून अधिक वर्षांनी झाला.

डायझेपाम आणि त्याच्या कुळातल्या औषधांनी दुसरी बाजू दाखवली. लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून निघालेलं डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आलं. शस्त्रक्रियेआधी ते घेतलेल्या माणसाला खोलीत नेल्याचं आठवतं, औषध भिनल्यानंतरचं बोलणं आठवत नाही, आणि लहानपण जसंच्या तसं आठवतं. उंदरांत आणि माकडांतही हेच दिसलं: औषधाखाली नवीन शिकणं बिघडतं, आधी शिकलेलं बरंचसं तसंच राहतं. केटामीन मेंदूतल्या एन्एम्डीए नावाच्या ग्राहींना अडवतं. रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याच ग्राहींना अडवणारं दुसरं द्रव्य उंदरांच्या मेंदूत सोडलं आणि त्यांना पाण्याखाली लपलेल्या पाटाची जागा शोधायला लावली. ते उंदीर जागा शिकू शकले नाहीत. मात्र जागा आधी शिकलेल्या उंदरांना ती औषधाखालीही सापडायची.

माझ्या धंद्याला सगळ्यात जवळचं औषध झायलाझिन. जर्मनीत बायर कंपनीने १९६२ मध्ये ते तयार केलं, माणसाचा रक्तदाब उतरवायला. माणसाला ते फारच गुंगवायचं, म्हणून जनावरांकडे आलं. ओशॉनेसींच्या कुत्र्या-गायींचा धडा इथे उलटा झाला: गाय-बैल झायलाझिनला अतिशय हळवे. घोड्याला जेवढं प्रमाण लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात बैल खाली बसतो. लाळ गळते, पोट फुगतं. म्हणून आधी उपाशी ठेवायचं, छातीवर बसतं ठेवायचं, तोंड खाली उतरतं ठेवायचं, म्हणजे लाळ फुप्फुसात जात नाही. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला ते टाळायचं, कारण गर्भाशय आकुंचन पावून गाय गाभडू शकते.

आमच्याकडे त्याचा खरा उपयोग शिंगाच्या कर्करोगात झाला. हा रोग मुख्यतः बैलाला होतो, आणि भारतात जितका दिसतो तितका इतरत्र क्वचित. आधी बैल एका बाजूला मान झुकवतो, डोकं झटकतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं, मग शिंग मुळाशी हलायला लागतं. शेतकऱ्याला वाटतं जोडीदाराशी झुंजला असेल. शिंग मुळापासून काढल्याशिवाय इलाज नाही. झायलाझिनची सुई द्यायची, डोळ्यामागच्या खोबणीत शिंगाच्या नसेपाशी बधिरतेचं इंजेक्शन द्यायचं, आणि तारेच्या करवतीने शिंग कापून आतली फुलकोबीसारखी गाठ स्वच्छ करायची.

एक डांगी बैल मला विशेष लक्षात आहे. मालक त्याला दवाखान्यात घेऊन आला तेव्हा फाटकापाशी लोखंडी खोड्याचा आवाज झाला आणि बैल अडला. चौघांनी ओढलं, एकाने शेपूट पिरगाळली, लहान पोरांनी ओरडा केला. अर्ध्या तासाने खोड्यात घालून सुई दिली. तरी तो नीट बसेना. याला शरीरात कारण आहे: घाबरलेल्या जनावराच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उसळतं आणि त्यापुढे झायलाझिनचा जोर चालत नाही. पुढची मात्रा देऊन काम झालं. शिंग कापताना त्याने कान हलवला नाही. जखम छान भरली. धागे काढायला मी त्याच्या गोठ्यावर गेलो. ज्या बाजूला शिंग कापलं होतं तिथे मी हात लावला, तो स्वस्थ उभा राहिला. डोक्याला आपण काय केलं ते त्याच्याकडे नव्हतं. पण पुढे कधी खुरकुताच्या लसीला त्याला दवाखान्याकडे वळवलं, की फाटक दिसायच्या आधीच, रस्त्याच्या वळणावर, तो थांबायचा. मालक म्हणाला, “साहेब, शिंग कापलेलं त्याला ठाऊक नाही. ह्या फाटकाचं समदं ठाऊक आहे.”

मालकाने एका वाक्यात जे सांगितलं त्याला प्रयोगशाळेचा भक्कम आधार आहे. भीतीच्या क्षणी सुटणारं ॲड्रेनॅलिन त्या क्षणाची आठवण घट्ट करतं, हे १९७५ पासून उंदरांत वारंवार दिसलेलं आहे. जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या शिष्यांचं आयुष्य या कामात गेलं. म्हणजे आपण जनावराला जितकं घाबरवून सुईपर्यंत आणतो, तितकी सुईआधीची वेळ त्याच्या मेंदूत खोल जाते, आणि तितकंच औषधही कमी लागू पडतं. दोन्ही नुकसानं एकाच चुकीतून होतात.

झायलाझिनच्या कुळाबद्दल आणखी एक निष्कर्ष सांगायला हवा, कारण गुंगी म्हणजे विस्मरण हा सरधोपट समज तो मोडतो. याच कुळातलं क्लोनिडीन एमी आर्नस्टन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-रॅकिक यांनी म्हाताऱ्या माकडांना दिलं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की खंड ठेवून निवड करण्याच्या परीक्षेत माकडं आधीपेक्षा बरोबर उत्तरं द्यायला लागली. वाढत्या वयाने विस्कटलेली एकाग्रता त्या औषधाने सावरली. औषध कोणत्या कुळातलं, किती दिलं, आणि मेंदू कोणत्या अवस्थेत होता, यावर सगळं ठरतं. डोनाल्ड ओव्हरटन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की बार्बिट्युरेटच्या गुंगीत उंदीर जे शिकला ते शुद्धीत आल्यावर त्याला सुचत नाही, आणि पुन्हा त्याच गुंगीत नेलं की सुचतं. कुत्र्यांच्या बाबतीत गिर्डेन आणि कलर यांना क्युरारेखाली असंच काहीसं १९३७ मध्ये दिसलं होतं. तेव्हा गुंगीत घडलेलं सगळं कायमचं गेलं असंही धरून चालता येत नाही.

आता बिबट्याकडे येतो, कारण दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात आज भुलीचा प्रश्न गोठ्याइतकाच उसाच्या फडात उभा आहे. पाटाचं पाणी आलं, कादवा आणि गोदावरीच्या काठाने ऊस वाढला, आणि बाराही महिने आडोसा मिळाल्याने बिबट्याची मादी फडातच पिल्लं घालू लागली. कुत्री, डुकरं, शेळ्या हे तिचं खाणं. विहिरीत पडलेला बिबट्या बाजेवर किंवा पिंजऱ्यात घेऊन वर काढतात, आणि वस्तीत अडकलेल्याला बाण मारून भूल देतात. बाण मारण्याची साधनं १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डोक आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी घडवली. आपल्याकडे बंदुकीबरोबर फुंकनळीही चालते. औषध बहुतेक केटामीन आणि झायलाझिनचं मिश्रण. केटामीनखाली बिबट्याचे डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड टाकतात.

बाण लागल्यावर बिबट्या लगेच पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि नेमकी हीच मिनिटं गर्दीची असतात. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांची, कॅमेऱ्यांची झुंबड उडाली, बिथरलेल्या बिबट्याने माणसं जखमी केली, आणि मग कुठे त्याला भूल देता आली. अशा वेळी लोक मला म्हणतात, “झोपेत गेल्यावर त्याला काय आठवणार?” झोपेतलं नाही आठवणार. त्याआधीचं सगळं आठवेल.

आणि घरही आठवेल. हा धडा आपल्या शेजारच्या जुन्नरने फार मोठी किंमत देऊन शिकवला. २००१ ते २००३ या काळात तिथे उसातले बिबटे पिंजऱ्यात पकडून, भूल देऊन, दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम चालली. हेतू चांगला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा १९९३ ते २००१ मध्ये माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते मोहिमेच्या काळात १७ वर गेल्याचं दिसलं. पकडताना, पिंजऱ्यात, आणि परक्या मुलखात सोडताना बसलेला धक्का, शिवाय घराकडे परतण्याची ओढ, यांमुळे जी जनावरं माणसाला टाळून जगत होती ती माणसाच्या वाटेत आली. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो महिन्याच्या आत सव्वाशेएक किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. भूल देऊन, पट्टा बांधून, गाडीतून नेऊनही त्याच्या डोक्यातली दिशा शाबूत असावी. दोन वर्षांनी महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

कायद्यानेही हळूहळू हा विचार स्वीकारला आहे. प्राणीक्रूरताविरोधी १९६० च्या कायद्याने खच्चीकरण, शिंगं काढणं, डागणं आणि वेसण घालणं यांना ‘विहित पद्धतीने’ करण्याच्या अटीवर मुभा दिली. पद्धत ठरवायला मात्र २०२३ चे नियम यावे लागले. त्यांत नोंदणीकृत पशुवैद्यक आणि भूल यांची सक्ती आली. दुसरीकडे केटामीनचा नशेसाठी गैरवापर होतो म्हणून २०१३ मध्ये ते कडक नियंत्रणाच्या औषधांच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये गेलं. गैरवापर थांबायलाच हवा. पण तालुक्याच्या दवाखान्यात हे औषध वेळेवर आणि नोंदीसह मिळण्याची व्यवस्थाही तितकीच हवी, नाहीतर नियम कागदावर राहील आणि गोऱ्हा पुन्हा कासऱ्याने पाडला जाईल.

शहरातल्या घरांसाठीही यात सांगण्यासारखं आहे. दिवाळीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला झोपेची गोळी द्या, अशी मागणी दरवर्षी येते. पूर्वी सर्रास दिली जाणारी ॲसिप्रोमॅझिनची गोळी कुत्र्याला सुस्त करते, पण त्याची भीती कमी करत नाही. तो ऐकतो, घाबरतो, फक्त पळू शकत नाही. सक्सिनिलकोलीनच्या घोड्याची सौम्य आवृत्तीच ती. भीती कमी करणारं औषध वेगळं असतं, ते फटाके सुरू होण्याच्या आधी द्यावं लागतं, आणि त्यासाठी आधी पशुवैद्याला भेटावं लागतं.

मी शिकाऊ डॉक्टरांना आणि वनखात्यातल्या मुलांना एकच मागणं करतो. भूल दिल्याच्या नोंदीत आपण औषध, मात्रा, वेळ, श्वास, नाडी, ताप लिहितो. त्याखाली आणखी तीन ओळी लिहा. जनावर सुईपर्यंत कसं आणलं आणि त्याला किती वेळ लागला. जवळ किती माणसं होती आणि आवाज किती होता. भूल उतरताना पहिल्यांदा त्याच्या नजरेला कोण पडलं. माझे वडील पिशवी झाकायचे आणि बिथरलेला बैल शेवटी घ्यायचे, तेव्हा याच तीन गोष्टी सांभाळत होते. आज आपल्याकडे औषध आहे, त्याचं विज्ञान आहे, कायदा आहे. या तीन ओळी भरायला लागलो की गर्दी कुठे हटवायची, फाटकाला तेल कधी घालायचं आणि कोणत्या जनावराला गोठ्यावरच सुई द्यायची, हे ठरवायला आपल्या हाती आपलीच आकडेवारी येईल. दिंडोरीच्या एका दवाखान्यात एक वर्ष हे केलं तरी बाकीच्यांना पुढे काय करायचं ते कळेल.